कामात मागे पडला, ऑफिसात बोलावला: सिटीग्रुपच्या एका नियमाचा प्रकरण अभ्यास

जानेवारी 2023 मध्ये दावोसला ब्लूमबर्गशी बोलताना सिटीग्रुपच्या मुख्य कार्यकारी अधिकारी जेन फ्रेझर यांनी घरून काम करणाऱ्यांबद्दलचा बँकेचा नियम जाता जाता सांगून टाकला. कुणाचं काम होतंय आणि कुणाचं नाही ते आम्हाला दिसतं. ज्याचं होत नाही त्याला ऑफिसात परत आणतो आणि काम पुन्हा पूर्वीसारखं होईपर्यंत त्याला कोचिंग देतो, असा त्याचा मथितार्थ. ऐकणाऱ्याच्या डोक्यात यातलं 'ऑफिसात परत आणतो' एवढंच राहतं. कोचिंग गळून पडतं आणि 'होईपर्यंत' तर कुणाच्या लक्षातच राहत नाही.

खरं तर नियमाचं सगळं वजन त्या गळालेल्या भागात आहे. मोजा, बोलवा, शिकवा आणि मग सोडा, अशी ही चार पायऱ्यांची गोष्ट. बहुतेक कंपन्या दुसरी पायरी तेवढी उचलतात, कारण ती एका ईमेलने होते.

पार्श्वभूमी

सिटीग्रुपमध्ये त्या वेळी जगभरात सुमारे 2 लाख 40 हजार माणसं होती. फ्रेझर मार्च 2021 मध्ये पदावर आल्या आणि त्याच महिन्यात त्यांनी कर्मचाऱ्यांचे तीन गट पाडले. शाखा किंवा डेटा सेंटरसारख्या ठिकाणी, जिथे माणूस जागेवरच लागतो, ते रेसिडेंट. आठवड्यात किमान तीन दिवस ऑफिस आणि उरलेले दोन घरून, ते हायब्रिड. बहुसंख्य लोक यात मोडत होते. पूर्णवेळ घरून काम करणारे थोडे, ते रिमोट. त्याच सुमारास शुक्रवारी अंतर्गत व्हिडिओ कॉल नकोत, असंही ठरलं.

वॉल स्ट्रीटवर ही भूमिका मवाळ मानली गेली. गोल्डमन सॅक्सचे प्रमुख डेव्हिड सॉलोमन यांनी 2021 च्या फेब्रुवारीतच घरून काम करणं हा अपवाद आहे आणि तो लवकरात लवकर दुरुस्त करू, असं सांगितलं होतं. जेपी मॉर्गनने एप्रिल 2023 मध्ये मॅनेजिंग डायरेक्टरांना (म्हणजे वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांना) पाचही दिवस बोलावलं आणि मार्च 2025 पासून जवळपास सगळ्यांनाच. सिटीने हायब्रिड टिकवलं. चांगली माणसं खेचायला सवलत उपयोगी पडते, हा त्यामागचा हिशेब. पण सवलत टिकवायची तर तिचा गैरफायदा घेणाऱ्यांचं काय करता, याचं उत्तर भागधारकांना द्यावं लागतं. फ्रेझर यांचा नियम हे ते उत्तर होतं.

याहूची चूक कुठे होती

हाच प्रश्न दहा वर्षं आधी याहूने वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. 22 फेब्रुवारी 2013 चा मनुष्यबळ विभागाचा मेमो फुटला: जूनपासून सगळ्यांनी ऑफिसात बसायचं. त्या वेळच्या बातम्यांनुसार पूर्णवेळ घरून काम करणारे होते सुमारे 200. याहूच्या तेव्हाच्या प्रमुख मरिसा मेयर यांनी व्हीपीएनच्या नोंदी तपासल्या आणि लोक पुरेसे लॉगिनच करत नाहीत असं त्यांना आढळलं, असंही तेव्हा छापून आलं.

आता व्हीपीएनची नोंद काय सांगते ते बघा. माणूस कंपनीच्या आतल्या जाळ्यात किती वेळ जोडलेला होता, एवढंच. ग्राहकाशी फोनवर दोन तास बोलणारा त्यात गैरहजर दिसतो आणि सकाळी जोडणी चालू करून झोपणारा हजर. बरं, नोंदींवरून काही जण कामचुकार ठरले असं धरलं, तरी हुकूम निघाला तो सरसकट. दोषी आणि निर्दोष एकाच दोरीने बांधले गेले. सिटीचा नियम याच्या नेमका उलटा आहे: सवलत सर्वांना, ती काढायची एकेकाची, तीही काही काळापुरती. कागदावर तो याहूपेक्षा कितीतरी न्याय्य आहे. अडचण सुरू होते ती 'आम्हाला दिसतं' या दाव्यापासून.

काय दिसतं आणि काय दिसत नाही

बँकेत काही कामं खरोखर मोजता येतात. कॉल सेंटरमधले कॉल, खातं उघडण्याचे अर्ज, न जुळलेल्या व्यवहारांची रांग. अशा रांगेवर बसलेला माणूस दिवसाला किती नोंदी सोडवतो, किती परत येतात, किती मुदतीबाहेर जातात, हे आकडे सिस्टीममध्ये आपोआप साठतात. पण इथेही एक खोच आहे. रांगेतून सोपं सोपं उचलायची मुभा असेल तर हुशार माणूस सोपं उचलतो आणि अनुभवी माणसाकडे चिघळलेल्या नोंदी येतात. मग महिन्याच्या तक्त्यात सर्वांत उपयोगी माणूस तळाला दिसतो. म्हणून नोंदीचा प्रकार आणि वय यांनुसार वजन दिल्याशिवाय असा तक्ता कुणाच्या समोर ठेवू नये.

जोखीम, अनुपालन, सॉफ्टवेअर या विभागांत तर आकडा हाताला लागतच नाही. सिटीचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट 2020 मध्ये रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जावर सुमारे 78 लाख डॉलर व्याज सिटीला कंपनीच्या वतीने कर्ज देणाऱ्यांना पाठवायचं होतं. गेले जवळपास 90 कोटी डॉलर. व्यवहार फ्लेक्सक्यूबमध्ये भरला होता. (ही प्रणाली मूळची आपल्या मुंबईची: सिटीकॉर्पच्या इथल्या उपकंपनीतून पुढे आय-फ्लेक्स झाली, नंतर ती ओरॅकलने घेतली.) मुद्दलाची रक्कम बाहेर न जाता अंतर्गत खात्यात वळवायची असेल तर पडद्यावरचे 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड' हे तीनही रकाने भरावे लागत. भरला गेला एकच. भरणारा आणि तपासणारा हे भारतातले कंत्राटी कर्मचारी, अंतिम मंजुरी अमेरिकेतल्या सिटीच्या अधिकाऱ्याची. तिघांनाही एक रकाना पुरेसा वाटला. सुमारे 50 कोटी डॉलर परत मिळवण्यासाठी बँकेला सप्टेंबर 2022 च्या अपिलाच्या निकालापर्यंत कोर्टात झगडावं लागलं.

यातल्या कुणाचीही त्या दिवशीची उत्पादकता मोजली असती तर ती चोख निघाली असती. काम वेळेत झालं, तीन सह्या झाल्या. पडद्याची रचना गोंधळाची होती, आणि कुणाला कोणत्या खुर्चीत बसवलं यामुळे ती सुधारणार नव्हती. बोलावण्याआधी हा प्रश्न विचारावाच लागतो: माणूस कमी पडतोय की त्याच्या हातातलं साधन?

मोजमाप चुकीचं निवडलं की माणसं मोजमापालाच खेळवतात. वेल्स फार्गो बँकेने 2024 मध्ये कीबोर्ड चालू असल्याचा भास निर्माण केल्याबद्दल डझनाहून अधिक जणांना काढलं. माउस आपोआप हलवणारं यंत्र बाजारात चिल्लर पैशांत मिळतं. ज्या कंपनीत कळ दाबल्याची गणती होते तिथे ते विकलं जाणारच. दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टच्या 2022 च्या पाहणीत 87 टक्के कर्मचारी म्हणत होते की आमचं काम नीट होतंय, आणि 85 टक्के वरिष्ठ म्हणत होते की हायब्रिडमुळे आम्हाला तशी खात्री वाटत नाही. या दरीत कुठलंही कच्चं मोजमाप पुरावा म्हणून खपून जातं.

बँकांच्या बाबतीत आणखी एक कारण पुढे केलं जातं: देखरेख. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या फिन्रा या नियामक संस्थेचे घरून होणाऱ्या देखरेखीबाबतचे नवे नियम 2024 मध्ये आले. त्या सुमारास सिटीने आधी घरून काम करू शकणाऱ्या सुमारे 600 जणांना पूर्णवेळ ऑफिसात यायला सांगितल्याचं वृत्त होतं. त्या बोलावण्याचा कामगिरीशी संबंध नव्हता, आणि हे दोन प्रकारचे आदेश एकाच पत्राच्या नमुन्यावर काढणं फार महागात पडतं. नियमामुळे आलेल्या माणसालाही शेजारचा 'कमी पडलेला' समजतो. मात्र देखरेखीचं कारण ताणूही नये. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या बाहेरच्या माध्यमांवर कामाचं बोलल्याबद्दल सप्टेंबर 2022 मध्ये अनेक बँकांना दंड झाला, त्यात सिटीचे 20 कोटी डॉलर गेले. त्या प्रकरणातला काळ जानेवारी 2018 पासूनचा आहे, म्हणजे महासाथीपूर्वीची पहिली दोन वर्षं सगळे ऑफिसातच होते.

ऑफिसात आणल्याने काम सुधारतं का

यावर तीन अभ्यास एकत्र वाचायला हवेत, कारण सुटे वाचले तर जो तो आपल्या सोयीचा उचलतो.

पहिला शांघायच्या सीट्रिप या प्रवास-सेवा कंपनीचा. 2010-11 मध्ये घरून काम करायला तयार आणि पात्र असलेल्या 249 कॉल सेंटर कर्मचाऱ्यांपैकी सम तारखेला जन्मलेल्यांना घरी पाठवलं, विषम तारखेचे ऑफिसात राहिले. नऊ महिन्यांत घरच्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्या 13 मधले 9 टक्के नुसते जास्त मिनिटं कामावर असल्याने आले. इथवर सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत: प्रयोग संपल्यावर जागा निवडायची मुभा दिली तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी पर्याय बदलला, घरी ज्यांचं जमलं नव्हतं ते आपणहून परत आले आणि फायदा 22 टक्क्यांवर गेला. म्हणजे कमी पडणाऱ्याने ऑफिसात परतणं लाभाचं ठरलं, पण ते त्याच्या निवडीने. कारण घरी एकटं वाटतंय, सासू-सासरे हाका मारतात, खोली एकच आहे, हे माणसालाच ठाऊक असतं, डॅशबोर्डला नाही.

दुसरा चेन्नईतल्या डेटा एन्ट्री कामगारांचा. तिथे चिठ्ठ्या टाकून घरी बसवलेले ऑफिसातल्यांपेक्षा 18 टक्क्यांनी मागे पडले. यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला, उरलेला हळूहळू, कारण ऑफिसातले लवकर शिकत गेले. आणि ज्यांना घरूनच काम हवं होतं त्यांचं नुकसान जास्त होतं: ते घरी 27 टक्क्यांनी मागे, तर ऑफिस पसंत करणारे 13 टक्क्यांनी. म्हणजे सीट्रिपमध्ये माणसाची निवड कामाला पूरक ठरली, इथे तीच विरोधात गेली. दोन्ही शहरांतली घरं, काम आणि माणसं वेगळी. एकाचा आकडा दुसरीकडे चिकटवता येत नाही.

तिसरा आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीच्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा. महासाथीत घरी गेल्यावर तास वाढले, उत्पादन वाढलं नाही, उत्पादकता 8 ते 19 टक्क्यांनी घटली. या प्रकरणासाठी त्यातला सर्वांत कामाचा तपशील वेगळाच आहे: समन्वयाच्या मीटिंगा वाढल्या, सलग बसून करायचा वेळ घटला आणि वरिष्ठाबरोबर समोरासमोर मिळणारा मार्गदर्शनाचा वेळही आटला. घरी आटलेली गोष्ट हीच असेल तर ती ऑफिसात परत मिळते का, हे आधी पाहावं लागेल. नुसती खुर्ची मिळून भागणार नाही.

शुक्रवारचा रिकामा मजला

सिटीचं पुण्यात मोठं केंद्र आहे, मुंबई-चेन्नईतही आहे. अशा कुठल्याही केंद्रातला माणूस डोळ्यांसमोर आणा. रांगेवर काम करतो, तीन महिने आकडे खाली आहेत, आणि त्याला पाचही दिवस बोलावलंय. टीममधले बाकीचे मंगळवार ते गुरुवार येतात. टीम लीड चेन्नईला, मॅनेजर लंडनला. सोमवारी आणि शुक्रवारी हा मजल्यावर जवळजवळ एकटा, कानाला हेडसेट लावून त्याच मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या कॉलवर. वाघोलीहून किंवा सिंहगड रोडवरून येण्याजाण्यात दिवसाचे दोन तास, म्हणजे आठवड्याचे दहा, गेले ते वेगळेच. आणि शुक्रवारी जागेवर दिसला म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय, हे सिक्युरिटीलाही कळतं.

नियम सर्वाधिक वेळा इथेच मोडतो. कोचिंगसाठी बोलावलं, पण कोच आलाच नाही. ज्याला बोलावलं त्याच्या इतकेच दिवस शिकवणाऱ्यानेही शेजारी बसलं पाहिजे, आणि शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या लक्ष्यातून तेवढं काम कमी केलं पाहिजे. रोज दीड तास धरला तर आठवड्याचे साडेसात, सहा आठवड्यांचे पंचेचाळीस तास. सॉफ्टवेअर इंजिनिअरांवरच्या अभ्यासातही जवळ बसलेल्या नवख्यांना सल्ला जास्त मिळतो आणि त्याची किंमत अनुभवी सहकाऱ्यांच्या कामातून चुकती होते, असं दिसलं आहे. हा खर्च मंजूर करायला कुणी तयार नसेल तर बोलावूच नये. घरी बसून व्हिडिओवर शिकवणं त्याहून बरं, निदान प्रवास तरी वाचतो.

चार लोक सुधारले, श्रेय कुणाचं

समजा 40 जणांची टीम आहे, दिवसाची सरासरी 60 नोंदींची, आणि प्रत्येकाचा महिना थोडा वर-खाली होतो. एका महिन्यातले तळाचे पाच जण उचलले तर त्यांतले काही खरोखर कच्चे असतील आणि काहींचा तो महिनाच वाईट गेला असेल: आजारपण, अवघड नोंदी, लॅपटॉपची कटकट. पुढच्या महिन्यात काहीही न करता या पाचांपैकी तीन-चार वर सरकतील. सांख्यिकीत हे जुनं सत्य आहे. पण मधल्या काळात त्यांना ऑफिसात बोलावलं असेल तर अहवालात 'परत आणल्याने 80 टक्के सुधारणा' असं छापून येतं आणि पुढच्या तिमाहीत दहा जणांना बोलावणं जातं.

यावर उपाय दोन. एक, एका महिन्यावर कधीच निर्णय घेऊ नये. सलग आठ आठवड्यांचं वजनी मोजमाप, माणसाच्या स्वतःच्या आधीच्या पातळीशीही ताडून पाहिलेलं. दोन, यादीतल्या निम्म्यांना आत्ता बोलवावं, निम्म्यांना चार आठवड्यांनी, आणि कोण कधी ते चिठ्ठीने ठरवावं. दुसरी तुकडी घरी बसूनच तेवढी सुधारली तर ऑफिसचा वाटा किती ते उघड होतं. दोन-तीन फेऱ्यांत चित्र स्पष्ट होतं. इतका साधा बंदोबस्तही फारसा कुणी करत नाही, कारण उत्तर नकोसं निघू शकतं.

पत्रात काय असावं

पत्र एका पानाचं. कोणत्या कामात, कोणत्या आठ आठवड्यांत, किती कमी. परत आलेल्या नोंदी किती. माणसाचं त्यावरचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. मग कोच कोण, तो कोणत्या दिवशी कुठे बसणार, आठवड्याला किती तास. मुदत सहा आठवडे. सुटकेची अट आधीच लिहिलेली: सलग तीन आठवडे ठरलेली पातळी गाठली की हायब्रिड आपोआप पूर्ववत, नवी परवानगी लागणार नाही. 'मॅनेजरचं समाधान होईपर्यंत' असं लिहिलं की ती शिक्षाच, मग वर नाव काहीही द्या. आणि ही प्रक्रिया कामावरून काढण्याच्या कामगिरी सुधार योजनेपासून वेगळी ठेवावी. सिटीने जानेवारी 2024 मध्ये 2026 अखेरपर्यंत 20 हजार नोकऱ्या कमी करणार असल्याचं जाहीर केलं. असं वारं वाहत असताना कोचिंगचं बोलावणं आलं तर माणूस शिकायला नाही, रेझ्युमे लिहायला बसतो. त्याला विश्वास वाटावा असं पत्रात एकच वाक्य असू शकतं: या सहा आठवड्यांतले आकडे वार्षिक मूल्यमापनात धरले जाणार नाहीत. ते लिहायची हिंमत नसेल तर हेतू काय आहे, ते कर्मचाऱ्याने बरोबर ओळखलेलं असतं.

महाराष्ट्रात आणखी दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात. नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय. 'रिमोट' म्हणून नेमलेल्याला आणि 'पुणे, सवलत म्हणून घरून' असं लिहिलेल्याला एकच पत्र चालत नाही. दुसरी, पाळी. लंडन-न्यूयॉर्कच्या वेळेवर काम करणारी बाई घरून रात्री साडेदहापर्यंत काम करत असेल तर ऑफिसात बोलावताच 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आडवा येतो: रात्री साडेनऊनंतर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची व्यवस्था कंपनीने करायची. कॅबचा रूट लागायला पंधरवडा जातो, तोवर सहा आठवड्यांतले दोन संपलेले असतात. म्हणून मुदत पत्राच्या तारखेपासून न मोजता कोच शेजारी येऊन बसला त्या दिवसापासून मोजावी. बाळंतपणाच्या रजेवरून परतून संमतीने घरून काम करणारीचं प्रकरण तर या यादीत घालूच नये. ते स्वतंत्रपणे, तिच्याशी बोलून.

सुटका झाल्यावरही फाईल बंद करायची घाई नको. घरी परतल्यानंतरच्या बाराव्या आठवड्यात तेच मोजमाप पुन्हा घ्यावं. पातळी टिकली असेल तर शिकवण्याचा उपयोग झाला. पुन्हा घसरली आणि ऑफिसात चांगली होती, तर दोष कौशल्याचा नव्हता, घरातल्या जागेचा किंवा वेळेचा होता. अशा माणसाला पुन्हा कोचिंगला न पाठवता मनासारखे दिवस निवडून कायमची जागा द्यावी. आणि दोन्हीकडे कमीच राहिली, तर काम बदलून पाहावं.